द्वारकेचा डोह

माघातल्या उतरत्या उन्हात समुद्र पितळेचा होतो. जड, तापलेल्या, निर्दय पितळेचा. वायव्येचा वारा दुपारभर त्याच्यावर घण घालत राहतो. लाटा उठतात त्या शुभ्र, फेनिल, वेदनेने वाकलेल्या. खडकावर येतात, फुटतात, मागे सरतात, पुन्हा येतात.

त्या किनाऱ्यावर, पार दक्षिणेकडे, डोंगराचं एक काळं नाक पाण्यात घुसलं आहे. नाकाच्या आडोशाने एक खाडी आत वळते. तिचं मुख अरुंद, आणि मुखाच्या मधोमध भरतीला न दिसणारा एक खडक. तो चुकवून आत आलं की वारा एकाएकी थांबतो, मागे कुणी दार लोटून घ्यावं तसा. समोर खारफुटीची हरितश्याम, घनदाट भिंत. भिंतीच्या पायाशी खोल, वर्तुळाकार, निस्तरंग डोह. आणि डोहाच्या कडेने कालवांनी मढलेले खडक. राखाडी, खरबरीत, सुरीसारखे धारदार.

पलीकडे माडांच्या सावलीत खाजणवाडीची अकरा घरं. पुरुष पहाटेआधी मासेमारीला जातात ते दुपारी परततात. बायका ओहोटीला खडकांवर उतरतात आणि लोखंडी कोयतीने कालवं फोडतात. टक. टक. टक. त्या वाडीचं पोट त्या आवाजावर भरतं.

सुधन्वा दाबके या खाडीत पहिल्यांदा शिरला तेव्हा त्याला वर्षभर धड झोप लागलेली नव्हती.

पुण्याजवळ त्याचा पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांचा कारखाना होता. तीस वर्षं लोखंड लोखंडावर आदळत राहिलं आणि तीस वर्षं तो त्या आदळण्यात उभा राहिला. मग कारखाना विकला. यंत्रं गेली, कामगार गेले, कुलूपसुद्धा दुसऱ्याचं लागलं. आवाज मात्र त्याच्या कानात राहिला. अंथरुणाला पाठ टेकली की तो सुरू होई. अखंड, अथक, अघोरी.

म्हणून त्याने सत्तावीस फुटांची एक शिडाची नौका घेतली. पांढरीशुभ्र, सडपातळ, एकट्याला झेपेल अशी. तिचं नाव नीरजा. आणि तो किनाऱ्याकिनाऱ्याने निघाला, शांतता शोधत. रात्रीपुरता नांगर टाकायला जागा हवी. जिथे वारा लागत नाही, जिथे चिखल नांगराला घट्ट धरतो, जिथे गावचा कर्णा पोचत नाही अशी. प्रत्येक जागा तो एका निळ्या वहीत टिपून ठेवी. वहीत पुष्कळ जागा झाल्या होत्या. झोप एकाही जागेत नव्हती.

त्या संध्याकाळी वारा पिसाळला होता. शीड उतरवताना दोर हातातून सुटला, इंजिन खोकून बंद पडलं, आणि भरतीचा लोंढा नीरजाला उचलून सरळ खाडीच्या मुखाकडे नेऊ लागला. सुधन्वाला समोर दिसत होतं फक्त चकाकणारं, दिपवणारं, खोटं पाणी.

"ओ भाऊ! थंय नको! थंय पाण्यात खडक आसा! हयसर येवा, माझ्या हाताकडे!"

कमरेएवढ्या पाण्यात एक बाई उभी होती. काष्टा मारलेलं जांभळं लुगडं, डोक्याला फडकं, एक हात उंच केलेला. त्या हातातली कोयती मावळत्या उन्हात लखलखत होती. सुधन्वाने सुकाणू त्या लखलखीकडे वळवलं. खडक नौकेच्या अंगाला चाटून गेला, तिची कातडी न सोलता. आणि मग वारा थांबला.

ती द्वारका तारी. साठीची, विधवा, काळीसावळी, वेताच्या काठीसारखी सरळ. तीच पाण्यातून चालत पुढे झाली, डोहाच्या मध्याकडे बोट करून म्हणाली, "हय टाका नांगर. तळाक चिकट चिखल आसा, सुटाचो नाय." नांगर पडला. साखळी खडखडली, ताणली, स्थिर झाली.

"आता झोपा," ती म्हणाली. "हय तुमका कोण उठवचो नाय."

आणि तो झोपला. अंधार पडायच्या आत झोपला, ओल्या कपड्यांत झोपला, दगड डोहात जावा तसा झोपेच्या तळाशी गेला.

जागा झाला तो टक टक अशा एका आवाजाने. पहाट फुटत होती. डोहावर धुक्याचा पातळ, दुधाळ पदर. धुक्यापलीकडे खडकावर वाकलेली जांभळी आकृती. लोखंडाखाली फुटणारं शिंपलं. लोखंडाचा आवाज, आणि तरीही तो त्याला गोड वाटला. कितीतरी वेळ तो पडून ऐकत राहिला. एका माणसाच्या हातातून येणारा, एका माणसाच्या भुकेएवढाच तो आवाज होता.

पाच दिवस तो तिथे राहिला. द्वारका त्याला टोपभर कालवं आणून देई. तिची सून सुचिता ती खोबऱ्याच्या वाटणात शिजवून पाठवी. सुचिताचा नवरा दूरच्या बंदरात मोठ्या ट्रॉलरवर होता. घरात या दोघीच.

निघताना सुधन्वाने निळी वही उघडली. "मी अशा जागांचं पुस्तक करणार आहे. माझ्यासारख्या लोकांसाठी. ही जागा लिहिली तर चालेल?"

द्वारकेला लिहितावाचता येत नव्हतं. ती हसली. "लिवा की. कोण नको म्हणता? माझा नाव घालशात?"

"घालतो."

आणि त्याने घातलं. पुढच्या वर्षी पुस्तक छापून आलं, गुळगुळीत कागदाचं, सागरनिळ्या वेष्टनाचं, नकाशांसकट. चौतीसाव्या पानावर लिहिलं होतं: द्वारकेचा डोह. संपूर्ण किनाऱ्यावरची सर्वांत शांत जागा. चारी बाजूंनी वाऱ्यापासून आडोसा. नांगर उत्तम धरतो. मोबाईलला रेंज नाही, हा तिचा आणखी एक गुण. मात्र डोंगराच्या बाहेरच्या अंगाला कधीही थांबू नये; तिथे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास अचानक, न सांगता मोठी लाट उसळते.

तो प्रत घेऊन आला तेव्हा सुचिताने ते पान मोठ्याने वाचून दाखवलं. द्वारकेने ओले हात लुगड्याला पुसले आणि स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. अक्षरांना काही धार आहे का, हे पाहत असावी तसं. मग पुस्तक तांदळाच्या डब्यात ठेवलं, किडीपासून दूर.

त्या वर्षी चार नौका आल्या. लोक तिला नावाने हाक मारत, तिच्यासोबत छायाचित्रं काढत, कालवं विकत घेत. द्वारका वाडीभर सांगत फिरे. तिच्या नावाचं पाणी होतं, आणि त्या पाण्यावर शहरातली माणसं निजत होती.

तिसऱ्या वर्षी चौदा आल्या.

माघी पौर्णिमा जवळ आली होती. डोहात शुभ्र नौकांची दाटी झाली होती. उंच, कृश, चकचकीत डोलकाठ्यांचं एक निष्पर्ण वन उभं राहिलं होतं. चौदा नांगर चिखलात रुतले होते आणि त्यांच्या साखळ्या भरतीओहोटीबरोबर तळ खरवडत होत्या. तळातले शिंपले उपटून निघाले, पाणी गढुळलं. खाण्याजोगी कालवं उरली ती फक्त कडेच्या खडकांवर. ती सगळ्यांना पुरेनात तेव्हा वाडीच्या बाकीच्या बायका तालुक्याला मजुरीला जाऊ लागल्या; कोयती घेऊन उतरणारी उरली एकटी द्वारका. तिथली ओहोटीला उघडी पडत. आणि पौर्णिमेच्या सुमारास मोठी ओहोटी येते ती ऐन पहाटे.

टक. टक. टक.

तिसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी सुधन्वाच्या नौकेवर चौघे जण जमले. सगळे सभ्य, सुशिक्षित, दमलेले. कारखाने, दवाखाने, न्यायालयं मागे टाकून आलेले. एका भूलतज्ज्ञ डॉक्टरबाईंचे डोळे सुजले होते. त्या म्हणाल्या, "दाबके, तुम्ही लिहिलंत म्हणून आम्ही इतक्या लांब आलो. सर्वांत शांत जागा, असं लिहिलंय तुम्ही."

"पहाटे पाचला ते ठोकणं सुरू होतं," दुसरा म्हणाला. "माझी बायको रडायला लागली काल."

"बाई चांगली आहे, प्रश्नच नाही. पण तुमची ओळख आहे ना तिच्याशी? तुम्ही एक शब्द टाका."

सुधन्वाने मान डोलावली. कारण तोही जागा होता. गेले तीन दिवस तो पहाटे दचकून उठत होता, घामाने भिजत होता. त्या टकटकीच्या पाठीमागून कारखाना येत होता, सगळ्या यंत्रांसकट येत होता. एके काळी गोड वाटलेला तोच आवाज, त्याच हाताचा, त्याच खडकावरचा. आता त्याला तो बंद व्हायला हवा होता. इतकंच. बंद व्हायला हवा होता.

संध्याकाळी तो छोटी होडी वल्हवत खडकाशी गेला. द्वारका कोयती धूत होती. अस्ताचा तांबूस, रक्तवर्ण प्रकाश तिच्या मनगटांवरून ओघळत होता.

"द्वारकाबाई, एक विनंती होती." त्याने घसा साफ केला. "पहाटे जरा... लोक झोपलेले असतात. आवाज होतो. दुसऱ्या वेळी नाही का जमणार?"

ती समजून घेण्याचा प्रयत्न करत त्याच्याकडे पाहत राहिली. मग खाडीकडे हात करून म्हणाली, "सुकती काय माझ्या हातात आसा, भाऊ? ती पहाटेच येता. पाणी सुकला तरच कालवां गावतत."

"मग दुसरीकडे कुठे?"

दुसरीकडे. तो शब्द पाण्यावर पडला आणि तिथेच तरंगत राहिला. द्वारकेने मान वळवली. डोंगराच्या काळ्या नाकाकडे पाहिलं. नाकापलीकडून समुद्राचा घोगरा, खोल, अविरत घरघराट येत होता.

"भायल्या खडपार आसत," ती सावकाश म्हणाली. "भायर जातंय मगे."

बाहेरच्या खडकांवर. सुधन्वाला ती जागा माहीत होती. तिच्याविषयी त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, चौतीसाव्या पानावर, शेवटच्या ओळींत. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं: तिथे नको. दोन शब्द. ते त्याच्या जिभेपर्यंत आलेही. त्याच क्षणी त्याला उद्याची पहाट दिसली. निःशब्द, निश्चल, धुक्याने गुंडाळलेली, शेवटपर्यंत झोपेची.

"बरं होईल," तो म्हणाला.

"बरां," द्वारका म्हणाली. आणि कोयती कमरेला खोचून निघाली.

दुसऱ्या पहाटे डोह निःशब्द होता. चौदा नौकांवर माणसं उन्हं डोक्यावर येईतो झोपली. डॉक्टरबाईंनी सुधन्वाला स्वतः केलेली कॉफी आणून दिली. कुणी त्याच्या खांद्यावर थोपटलं. तिसऱ्या पहाटेही तसंच. त्याचे डोळे निवळले. आरशात त्याला स्वतःचा चेहरा तरुण दिसला.

चौथी पहाट पौर्णिमेची होती.

पाण्याने त्या दिवशी फार मागे सरून खडकांची काळीकभिन्न मुळं उघडी टाकली होती. द्वारका खाली उतरली, खूप खाली. मोठी कालवं तिथेच असतात. सुचिता वरच्या खडकावर टोप सांभाळत बसली होती. लाट आली ती तिने पाहिली. पण हाक मारायच्या आत लाट येऊन गेली होती. लाटेने द्वारकेला उचललं, आपटलं, आणि जाता जाता एक मोठा धोंडा ढकलून तिच्या उजव्या हातावर ठेवला.

हात धोंड्याखाली, बाकीची द्वारका बाहेर. ती शुद्धीवर होती. सुचिताने धोंड्याला खांदा लावला. धोंडा हलला नाही. आणि ओहोटी संपली होती, भरती लागत होती.

वाडीतले पुरुष समुद्रावर. फोन मुका. सुचिता डोंगराच्या खिंडीतून धावली. काटे, ठेचा, निसरडी माती. ती खारफुटीच्या काठावर येऊन उभी राहिली. समोर चौदा नौका. चौदा नौकांत तीस-पस्तीस माणसं, निदान साठ हात.

"भाऊ! ओ दाबकेभाऊ! येवा हो! कोणतरी येवा!"

सुधन्वाने ऐकलं.

झोपेच्या आणि जागेपणाच्या मधल्या ऊबदार, मऊ, राखाडी पट्ट्यात त्याने ते ऐकलं. आवाज ओळखीचा वाटला, नाव स्वतःचं वाटलं. पुन्हा काहीतरी आलं, त्याच्या मनात आलं. पुन्हा कुणीतरी उठवतंय. त्याने पांघरूण ओढून कानावर घेतलं आणि कूस बदलली.

सुचिताने पाच वेळा हाक मारली. एका नौकेची खिडकी आतून कुणीतरी लावून घेतली, एवढीच हालचाल झाली. मग ती वळली आणि धावत परत गेली, कारण पाणी तिची वाट पाहणार नव्हतं.

पाणी द्वारकेच्या हनुवटीला लागलं होतं. सुचिताने सासूच्या दोन्ही बगलांत हात घातले, पाय खडकाला टेकवले, डोळे मिटले आणि ओढलं. धोंडा हलला नाही. हात निघाला.

तालुक्याच्या गावी पाण्याने अर्ध्या तासात जाता येतं. डोंगरावरून अडीच तास. दोन म्हाताऱ्या आणि सुचिता, तिघींनी मिळून द्वारकेला खुर्चीत बसवून डोंगरावरून नेलं. रुग्णालयात हात मनगटापासून काढावा लागला. थोडं आधी आणलं असतं तर, असं तिथे कुणीतरी म्हणालं. आणि पुढच्या रुग्णाकडे वळलं.

डोहावर बातमी पोचली ती दुपारी, परतलेल्या मच्छीमारांबरोबर. नौकांवर कुजबुज झाली, खेद झाला. दोन दिवसांत बहुतेकांनी नांगर उचलले. त्यांच्या सुट्ट्या संपल्या होत्या. सुधन्वा थांबला. त्याला वाटत होतं, थांबणं म्हणजे काहीतरी करणं.

दहा दिवसांनी द्वारका घरी आली. तो गेला तेव्हा ती पडवीत भिंतीला टेकून बसली होती, उजवं मनगट पांढऱ्या पट्ट्यांत बांधलेलं, डाव्या हाताने अवघडत पेज खात होती. इतकी सरळ बाई, एका बाजूला कलली होती.

त्याने वाटेत पुष्कळ शब्द जुळवले होते. ती शिव्या देईल, थुंकेल, हाकलून देईल; त्याची त्याने तयारी ठेवली होती. तशी आशाच ठेवली होती म्हणा.

द्वारकेने त्याला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "येवा भाऊ, बसा." मग काळजीने, अगदी मनापासून तिने विचारलं, "झोप लागता मां आता सगळ्यांका? माका वाटत होता, भायर मारलंय तरी आवाज येतलो."

तो पडवीच्या कडेला टेकला.

"नाय ना येत?"

"नाही," तो म्हणाला. "येत नाही."

"मगे बरां झाला."

सुचिता दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं; कोरडे, स्थिर, ओहोटीच्या खडकासारखे डोळे. "मी हाका मारलंय," ती म्हणाली. "पाच येळा. तुमच्याच बोटीकडे तोंड करून. तुमका ऐकाक इली नाय?"

बाहेर माडांची सळसळ झाली. कुठेतरी कोंबडं फडफडलं. सुधन्वाने पट्टीकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, सुचिताकडे पाहायचं टाळलं.

"नाही," तो म्हणाला. "ऐकू आली नाही."

सुचिता त्याच्याकडे पाहत राहिली. तिला कळलं होतं. त्यालाही कळलं की तिला कळलं आहे. मध्ये द्वारका होती, आणि द्वारकेने डावा हात उचलून सुनेला गप्प केलं.

"अगो, खयसून ऐकतले ते? झोपलेले. माणूस झोपल्यार खय ऐकता?" ती त्याच्याकडे वळली, दिलासा द्यावा तशी. "तुमी मनाक लावन घेव नकात, भाऊ."

तिने त्याला क्षमा केली, आणि कशाबद्दल, ते तिला ठाऊक नव्हतं. ते सांगायला एक क्षण लागला असता. तो क्षण पडवीत आला, उभा राहिला, गेला. सुधन्वा उठला, हात जोडून पायऱ्या उतरला, होडीत बसला.

पुढे त्याने चौतीसावं पान पुस्तकातून काढून टाकलं. पण त्यामुळे काही बदललं नाही. जागा सगळ्यांना माहीत झाली होती; पुढच्या माघात एकोणीस नौका आल्या. द्वारका पुन्हा खडकावर दिसली नाही. सुचिता नवऱ्याकडे बंदरात गेली, मासे साफ करण्याच्या कामाला. सासूलाही सोबत नेलं.

पण त्या संध्याकाळी, पडवीतून परतल्यावर, सुधन्वा नीरजाच्या चिंचोळ्या खोलीत आडवा झाला आणि शिक्षेची वाट पाहू लागला. आता झोप येणार नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. ते त्याला न्याय्य वाटत होतं. त्या विचाराला तो उराशी धरून पडला होता.

पश्चिमेची लाली विझली. खारफुटीत बगळे मिटले. वारा नव्हता, हाक नव्हती, लोखंड नव्हतं. आणि झोप आली. बोलावल्याशिवाय आली; दयाहीन, दाट, अथांग; आली आणि त्याला अल्लद खाली घेऊन गेली.

वर भरती चढत होती. एकेक खडक बुडत होता, एकेक कड विरत होती. उरलेल्या नौका आपल्या साखळीभोवती सावकाश फिरल्या आणि त्यांनी तोंडं समुद्राकडे केली. आणि खाली, काळोख्या, कोमट, दुधाळ पाण्यात, कुणी न फोडलेली हजारो कालवं ओठ विलग करून हळूहळू उघडत गेली. प्यायली, आणि पीत राहिली, आवाज न करता.